नवी दुर्बीण: काहीच दिसत नाही, दिसलं तर धूसर. आधी काय तपासायचं?

नभोवाट (धागाकर्ता)

‘दुर्बीण घेतली, पण काळोखाशिवाय काही दिसत नाही’ हा प्रश्न इतक्या धाग्यांत विखुरला आहे की सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. उदाहरणासाठी ७०/७०० ची भिंगाची दुर्बीण धरतो, म्हणजे वस्तुभिंग ७० मिमी, फोकल लेंथ (भिंगापासून चित्र उमटतं तिथपर्यंतचं अंतर) ७०० मिमी, सोबत २५ आणि १० मिमीचे आयपीस (डोळा लावायची भिंगं). आरशाची ११४ किंवा १३० मिमीची असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच.

काळोख दिसण्याची कारणं दोन आणि डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात. एक तर नळी चुकीच्या जागी रोखलेली असते, किंवा जागा बरोबर असते पण फोकस इतका लांब असतो की ताऱ्याचा उजेड पसरून नाहीसा होतो. हिशेब करून बघा: ही दुर्बीण एफ/१० आहे, म्हणजे फोकल लेंथ व्यासाच्या दहापट. फोकसर (चक्रीने आयपीस आत-बाहेर सरकवणारी नळी) योग्य जागेपासून २० मिमी दूर असेल तर तारा ठिपका न राहता २ मिमी रुंदीची चकती होतो. आकाशात ती चकती चंद्राच्या साधारण एक तृतीयांश रुंद भरते. फिकट तारा एवढ्या जागेत पसरला की उजळ आकाशात उरतच नाही. मग माणूस नळीही हलवतो आणि चक्रीही फिरवतो, म्हणजे दोन अज्ञातं एकाच वेळी शोधत बसतो. ती दोन्ही दिवसाउजेडी निकालात काढता येतात.

त्यासाठी दुपारी, सूर्य पाठीशी ठेवून, निदान ३०० मीटरवरची आणि जमल्यास किलोमीटरभर लांबची, न हलणारी वस्तू निवडा. टॉवरचं टोक, विजेच्या खांबाचा माथा, पाण्याच्या टाकीचा कोपरा, काहीही चालेल. २५ मिमीचा आयपीस लावा. तोच का? ७०० भागिले २५ म्हणजे २८ पट. सुमारे ५० अंशांच्या आयपीसमधून तेव्हा आकाशाचा १.८ अंशांचा तुकडा दिसतो, म्हणजे साडेतीन चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढा. १० मिमीमध्ये ७० पट आणि जेमतेम ०.७ अंश. शोधाशोध नेहमी मोठ्या आकड्याच्या आयपीसनेच करायची.

वस्तू मुख्य दुर्बिणीत मध्यभागी आणा, फोकस करा, दोन्ही अक्ष घट्ट करा. आता नळीला हात न लावता फाइंडरचे (मुख्य नळीवरच्या, रोखायच्या छोट्या दुर्बिणीचे) स्क्रू फिरवून तीच वस्तू फाइंडरच्या फुलीवर आणा. क्रम उलटा करू नका. आधी फाइंडर रोखून मग मुख्य दुर्बिणीत शोधत बसणं म्हणजे पुन्हा मूळपदावर. मग १० मिमी लावून हेच एकदा आणखी बारकाईने करा.

आणि बहुतेक जण गाळतात ते काम: फोकस झाला की फोकसरच्या बाहेर आलेल्या नळीवर पेन्सिलीने बारीक रेघ ओढा. रात्री काळोख दिसला तर फोकसर त्या रेघेवर आणायचा. तरीही काळोखच असेल तर दोष रोखण्याचा आहे, फोकसचा नाही.

सूर्याबद्दल एकदाच, पण नीट वाचा. दिवसा काम करताना सूर्य मुख्य दुर्बिणीत किंवा फाइंडरमध्ये क्षणभरही येता कामा नये. दृष्टी कायमची जाऊ शकते. काही दुर्बिणींबरोबर आयपीसला लावायचा काळा ‘सन’ फिल्टर येतो. तो उष्णतेने तडकतो. फेकून द्या. सूर्य पाहायचा तर नळीच्या पुढच्या तोंडाला पूर्ण झाकणारा, त्यासाठीच बनवलेला फिल्टर हवा, आणि फाइंडरवर झाकण.

---

तिरपा_आरसा

रेघेची सूचना उत्तम. एक भर घालतो, नाहीतर लोक समोरच्या झाडावर फोकस करून रेघ ओढतील.

वस्तू जितकी जवळ तितका आयपीस बाहेर लागतो. ७०० मिमी फोकल लेंथला १०० मीटरवरच्या वस्तूसाठी ताऱ्यांच्या तुलनेत फोकसर जवळपास ५ मिमी बाहेर असतो. १ किलोमीटरला फरक फक्त अर्धा मिमी. १० मीटरवरच्या कुंडीसाठी मात्र ५ सेमीहून जास्त बाहेर काढावा लागतो, कित्येक फोकसर तेवढे येतच नाहीत. तेव्हा रेघ लांबच्या वस्तूवरूनच ओढायची, आणि चंद्र दिसला त्या रात्री तपासून दुरुस्त करायची.

फाइंडर जुळवतानाही हेच. फाइंडर आणि मुख्य नळी यांच्यात साधारण १० सेमी अंतर असतं. २० मीटरवरच्या वस्तूवर जुळवलं तर आकाशात १७ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक पडतो, अर्ध्या चंद्राहून जास्त. १० मिमीच्या आयपीसमध्ये ग्रह जवळजवळ कडेला जाईल. ३०० मीटरवर हाच फरक एका कलेच्या आसपास उरतो, तो विसरला तरी चालतो.

---

मृगशीर्ष_२७

माझ्याकडे हीच ७०/७०० आहे. तीन शंका:
१) फाइंडरमधलं चित्रच धूसर आहे, त्याला चक्री नाही.
२) मुख्य दुर्बिणीत चक्री पूर्ण आत, पूर्ण बाहेर केली तरी लांबची टाकी स्पष्ट होत नाही.
३) चंद्र दिसतो पण अंधुक, राखाडी.

---

नभोवाट

१) फाइंडर ६×३० (६ पट, ३० मिमीचं भिंग) असेल तर पुढच्या भिंगाच्या कडीमागे एक पातळ लॉक-रिंग असते. ती सैल करा, भिंगाची कडी फिरवत लांबची वस्तू स्पष्ट करा, रिंग पुन्हा आवळा. ५×२४ च्या स्वस्त फाइंडरमध्ये बहुधा मागचं आयपीस फिरतं.

२) डायगोनल (प्रकाश काटकोनात वळवणारा तुकडा) लावला आहे का? फोकसरच्या नळीत थेट आयपीस खुपसला असेल तर हेच होणार. डायगोनलमधून प्रकाशाचा सुमारे ७-८ सेमी प्रवास होतो आणि दुर्बीण तो धरूनच बनवलेली असते. तो नसेल तर आयपीस तेवढा बाहेर लागतो आणि फोकसरची धाव संपते. क्रम असा: फोकसर, डायगोनल, आयपीस. पेटीतला १.५ पटीचा ‘इरेक्टिंग’ लेन्स आकाशासाठी लावू नका. चित्र सुलटं होण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही आणि काच वाढते ती वेगळीच. फोकसरखालचा छोटा लॉक-स्क्रू आवळलेला नाही ना, तेही बघा. चक्री फिरते, नळी जागची हलत नाही, असं त्याने होतं.

३) पुढचं झाकण नीट बघा. मोठ्या झाकणाच्या मध्ये एक लहान झाकण असतं. तेवढंच काढून मोठं तसंच ठेवलं तर ७० मिमीची दुर्बीण अर्ध्या व्यासाची होते, म्हणजे प्रकाश पावपट. ते भोक पौर्णिमेच्या आसपास चंद्राची चकाकी कमी करायला दिलेलं असतं. बाकी सगळ्यासाठी मोठं झाकण पूर्ण काढायचं.

---

तिसरी_दांडी

आरशाच्या दुर्बिणीवाल्यांसाठी वरच्या क्र. २ चं उलटं आहे. न्यूटोनियनमध्ये डायगोनल लावायचाच नाही. लावला तर आयपीस इतका बाहेर जातो की फोकसर पूर्ण आत घेऊनही फोकस मिळत नाही.

आणि ‘तारा मोठा गोल दिसतो, मध्ये काळा ठिपका आहे, हा कुठला ग्रह?’ हा प्रश्न दर महिन्याला येतो. तो ग्रह नाही, फोकस चुकलेला तारा आहे. काळा ठिपका म्हणजे पुढच्या छोट्या आरशाची सावली. चक्री फिरवताना गोल लहान होत गेला तर दिशा बरोबर, मोठा झाला तर उलटी. सर्वात लहान टोकदार ठिपका झाला की थांबा. किंचित पलीकडे नेऊन परत यायचं, म्हणजे टोक कुठे होतं ते कळतं. शेवटचं वळण नेहमी एकाच दिशेने घ्या, कारण स्वस्त फोकसरच्या दातांत मोकळीक असते आणि दिशा बदलली की चित्र उडी मारतं.

तो काळा ठिपका मधोमध नसून एका बाजूला सरकलेला दिसत असेल (तारा आयपीसच्या मध्यभागी असताना) तर आरसे जुळवणं बाकी आहे. ती जुळवणी वेगळ्या धाग्याचा विषय.

---

काळोख_प्रेमी

रेड डॉट फाइंडरबद्दल कोणीच बोललं नाही. माझं स्पष्ट मत: नवशिक्याला ५×२४ च्या दुर्बिणीवजा फाइंडरपेक्षा लाल ठिपक्याचा कधीही बरा. उलटं चित्र नाही, वर्धन नाही, दोन्ही डोळे उघडे ठेवून ठिपका ताऱ्यावर ठेवायचा की झालं. त्याच्या दोन तक्रारी येतात. ठिपका दिसतच नाही: बॅटरीखालची प्लॅस्टिकची पट्टी काढायची राहिलेली असते. ठिपक्यामागे तारा दिसत नाही: उजेड सर्वात कमी ठेवा, तरी जास्त वाटला तर काचेवर नाही, एलईडीच्या तोंडावर पारदर्शक टेपचा तुकडा.

---

तिरपा_आरसा

अर्धी सहमती. चंद्र, ग्रह, ठळक तारे यांना लाल ठिपका पुरतो. पण ज्या आकाशात नुसत्या डोळ्यांना दोन-अडीच प्रतीपर्यंतचेच, म्हणजे ठळक तेवढेच तारे दिसतात तिथे ठिपका ठेवणार कशावर? ६×३० मध्ये सुमारे ७ अंशांचं क्षेत्र आणि डोळ्याला न दिसणारे कितीतरी तारे मिळतात. ताऱ्यांवरून उड्या मारत जायचं तर तोच हवा. ५×२४ बद्दल मात्र तुमचंच खरं, तो कोणाच्याच कामाचा नसतो.

सरळ रोखायच्या फाइंडरमध्ये चित्र पूर्ण उलटं असतं, त्यामुळे नळीचं तोंड ज्या बाजूला न्याल त्याच बाजूला तारे सरकताना दिसतात. एवढं लक्षात ठेवलं की ‘ढकलू कुठे’ हा गोंधळ संपतो. डायगोनल लावलेल्या मुख्य दुर्बिणीत वर-खाली बरोबर असतं, फक्त डावं-उजवं बदलतं. म्हणून कागदी नकाशा तिथे जुळत नाही. स्टेलॅरियम या आकाशनकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र आडवं पलटवण्याची सोय आहे, ती चालू करा. न्यूटोनियनला नकाशा नुसता उलटा धरला की काम होतं.

---

मृगशीर्ष_२७

झाकणाचंच होतं! आणि डायगोनलही. आता चंद्र लख्ख. पुढे काय शोधू, आणि गुरू नुसता पांढरा गोळा का दिसतो? पट्टे नाहीत. ४ मिमी आयपीस आणि ३ पटीचा बार्लो (वर्धन वाढवणारं भिंग) पण आहे, पेटीवर ५२५ पट लिहिलंय.

---

नभोवाट

५२५ हा आकडा गणिताने बरोबर आहे (७०० × ३ ÷ ४) आणि दुर्बिणीच्या दृष्टीने निरर्थक. उपयुक्त वर्धनाची मर्यादा धरायची भिंगाच्या व्यासाच्या मिमीच्या दुप्पट, म्हणजे इथे १४०, तेही हवा स्थिर असेल तर. ४ मिमी एकटाच १७५ पट देतो आणि डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत उरतो ०.४ मिमीचा. चित्र मोठं होतं, काळवंडतं, तपशील एकही वाढत नाही. ती जोडी पेटीतच राहू द्या.

गुरू ७० पटीवर पाहा. तो इतका तेजस्वी असतो की पहिल्या मिनिटात पट्टे हरवतात. डोळा आयपीसवरून न काढता चार-पाच मिनिटं बघत राहिलात तर दोन गडद पट्टे वेगळे होतात. फोकस गुरूच्या चकतीवर करू नका. तिची कड कधीच पुरेशी तीक्ष्ण वाटत नाही. शेजारचे चार मोठे चंद्र टोकदार ठिपके होईपर्यंत चक्री फिरवा, गुरू आपोआप जुळतो. शनीसाठी जवळचा एखादा तारा घ्या.

पौर्णिमेचा चंद्र शोधायला सोपा, बघायला सपाट. अष्टमीच्या अलीकडे-पलीकडे प्रकाश-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात, फोकस तपासायलाही ती सीमा सर्वात चांगली.

---

तिसरी_दांडी

पट्टे न दिसण्याचं निम्मं कारण दुर्बिणीत नसतं. ग्रह क्षितिजापासून ३० अंशांच्या वर आल्याशिवाय ७० पट लावू नका. खाली हवेचा जाड थर असतो आणि चित्र उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखं लवलवतं. दिवसभर तापलेली गच्ची किंवा छप्पर यांच्यावरून नजर जात असेल तर तेच. खिडकीच्या काचेतून तर बघूच नका. उघड्या खिडकीतूनही आतली-बाहेरची हवा मिसळते. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा. आरशाच्या मोठ्या नळीला जास्त वेळ लागतो. मध्यरात्री तारे जोरात लुकलुकत असतील तर त्या रात्री २८ पटीतच समाधान माना.

फोकसचा दोष की हवेचा, हे ओळखायची खूण: हवेमुळे चित्र क्षणात तीक्ष्ण होतं, क्षणात बिघडतं. फोकस चुकला असेल तर सतत एकसारखं मऊ असतं.

---

अर्धचंद्र

स्टँडबद्दल. ७०/७०० ला मिळणारा काट्यासारखा दुफाटा स्टँड (नळी दोन दांड्यांमध्ये) फार हलका असतो. पाय पूर्ण लांब करू नका, खुर्चीवर बसून बघा. मधल्या ट्रेखाली २-३ किलोची पिशवी जमिनीला जेमतेम टेकेल अशी टांगा. चक्रीला हात लावला की चित्र थरथरतं. हात काढून दोन-तीन सेकंद थांबायचं, मग ठरवायचं फोकस सुधारला की बिघडला. थरथरत्या चित्रावर निर्णय घेतल्यानेच लोक चक्री मागे-पुढे फिरवत राहतात.

आणखी एक: लॉक आवळला की नळीचं तोंड किंचित खाली बसतं. म्हणून वस्तूपेक्षा थोडं वर रोखून हात सोडायचा आणि ती मध्यावर येते का बघायचं. किती वर, ते पाच मिनिटांत हाताला कळतं.

मृगशीर्ष, ‘सापडलं होतं, आयपीस बदलेपर्यंत गेलं’ असं होत असेल तर ते पृथ्वीच्या फिरण्यामुळे. आकाश तासाला १५ अंश सरकतं. २५ मिमीच्या १.८ अंशांतून तारा आरपार जायला सुमारे ७ मिनिटं, १० मिमीत तीनच्याही आत. म्हणजे मध्यावरून कडेपर्यंत दीड मिनिटही नाही. आयपीस बदलायच्या आधी वस्तू ज्या बाजूने येते त्या बाजूच्या कडेला ठेवा, बदलेपर्यंत ती चालत मध्यावर येते. १० मिमीचा आयपीस खिशात, झाकण काढूनच.

---

चष्मेवाला

चष्मा लावून बघायचं की काढून?

---

तिरपा_आरसा

नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर काढून; फोकसरच तो नंबर भरून काढतो. उणे ४ नंबरला २५ मिमीच्या आयपीसवर फोकसर साधारण अडीच मिमी आत लागतो. त्यामुळे पेन्सिलीची रेघ घरातल्या दुसऱ्या माणसाला तंतोतंत जुळणार नाही. दर डोळ्यामागे थोडी चक्री फिरणारच. दंडगोल नंबर (सिलिंड्रिकल) जास्त असेल तर कमी वर्धनाला चष्मा ठेवा, कारण ती विकृती फोकसने जात नाही. खूण: फोकसच्या अलीकडे तारा एका दिशेला लांबट, पलीकडे त्याला काटकोनात लांबट. डोकं तिरपं केल्यावर लांबटपणाही फिरला तर दोष डोळ्याचा, नाही फिरला तर दुर्बिणीचा.

फोकसबद्दल खात्रीच होत नसेल त्यांच्यासाठी पुठ्ठ्याचा उपाय. नळीच्या तोंडाएवढी पुठ्ठ्याची चकती कापा, तिला कडेजवळ समोरासमोर १५-२० मिमीची दोन गोल भोकं पाडा. ती तोंडावर बसवून ठळक तारा बघा. फोकस चुकला असेल तर एका ताऱ्याचे दोन दिसतात. दोन्ही एकत्र आले की फोकस लागला. मग चकती काढा. यात अंदाजाला जागाच राहत नाही.

---

काळोख_प्रेमी

सरावाला जागा सुचवतो, सोप्याकडून अवघडाकडे. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की १० अंश, मधली तीन बोटं ५ अंश, करंगळी १ अंश.

पहिली जोडी सप्तर्षीतले वसिष्ठ-अरुंधती. २८ पटीत दोन्ही एकाच चौकटीत येतात, अंतर १२ कला. ७० पटीवर स्वतः वसिष्ठच दोन तारे म्हणून फुटतो, १४ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) अंतराने. तो फुटला नाही तर फोकस अजून लागलेला नाही, इतकी ही कसोटी चोख आहे.

मग कृत्तिका. मृगातले बाणाचे तीन तारे जोडून रेघ एका बाजूला वाढवली की व्याध, उलट बाजूला रोहिणी आणि तिच्या पलीकडे कृत्तिका. फक्त २५ मिमी. १० मिमीत पुंजका चौकटीबाहेर सांडतो आणि ‘हे काय, विखुरलेले तारे’ असं वाटतं.

मृगाचा तेजोमेघ, एम ४२: बाणाच्या मधल्या ताऱ्यापासून चार अंश दक्षिणेला, उभ्या ओळीतल्या फिकट ताऱ्यांच्या मधोमध. २८ पटीत पसरट धुकं, ७० पटीत त्याच्या पोटात चार ताऱ्यांचा छोटा चौकोन. फोटोतले रंग दिसणार नाहीत, करडंच दिसतं.

पुष्यातला पुंजका, एम ४४: पुनर्वसूतल्या तेजस्वी ताऱ्यापासून (पोलक्स) मघेकडे जाताना साधारण १५ अंशांवर, वाटेच्या मध्याच्या जरा अलीकडे. उजळ आकाशात नुसत्या डोळ्यांना तिथे काही नसतं, फाइंडरमध्ये मात्र एकदम बरेच ठिपके उमटतात.

---

मृगशीर्ष_२७

वसिष्ठ फुटला, चकती लावून. देवयानीची दीर्घिका मात्र सापडत नाही. फोनचं ॲप ज्या जागी दाखवतं तिथे काहीच नाही.

---

नभोवाट

फोनमधलं होकायंत्र दुर्बिणीच्या लोखंडाजवळ सहज काही अंश चुकतं, आणि तुमची चौकट १.८ अंशांची. ॲपवर तारासमूह ओळखा, रोखणं फाइंडरने करा.

एम ३१ ची, म्हणजे देवयानीच्या दीर्घिकेची, वाट अशी. भाद्रपदांच्या मोठ्या चौकोनाचा देवयानीकडचा, ईशान्य कोपऱ्यातला तारा घ्या. तिथून देवयानीच्या रांगेने पुढे जा. वाटेत एक मध्यम तारा लागतो, मग कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून सुमारे १४ अंशांवर त्याच्याइतकाच ठळक मिराक. मिराक फाइंडरच्या फुलीवर आणा. आता शर्मिष्ठेच्या दिशेने काटकोनात वळा: ४ अंशांवर पहिला फिकट तारा, त्याच्या पुढे ३ अंशांवर दुसरा, आणखी फिकट. तो दुसरा मध्यावर आणला की दीर्घिका त्याच्या पश्चिमेला १.४ अंशांवर आहे. २५ मिमीच्या चौकटीत दोन्ही जेमतेम मावतात, म्हणून तारा एका कडेला ढकला आणि विरुद्ध बाजूला बघा.

बघताना फोकस त्या दुसऱ्या ताऱ्यावर पक्का करून ठेवा, धूसर वस्तूवर करू नका. ती फोकसमध्येही धूसरच असते आणि चक्री फिरवून ती हरवते. अंधारात वीसेक मिनिटं काढलेली हवीत, फोनचा पडदा लाल किंवा बंद. नजर थेट न रोखता किंचित बाजूला ठेवा आणि नळीला हलकी टिचकी मारा: हलणारी फिकट वस्तू डोळ्याला लवकर कळते. लांबट, मध्ये जरा उजळ डाग दिसला तर तीच. ७० पट लावू नका, डाग आणखी पसरून नाहीसा होतो. चंद्र नसलेली रात्र आणि दीर्घिका डोक्याजवळ आलेली वेळ निवडा. मात्र दुफाट्या स्टँडवर अगदी माथ्यावर नळी पायांना अडते, तेव्हा माथ्याच्या तासभर आधी.

---

अर्धचंद्र

त्या वेळेपर्यंत भिंगावर दव धरतं, आणि ‘सगळं हळूहळू धूसर झालं, फोकस बिघडला’ असं वाटतं. चक्रीला हात लावायच्या आधी टॉर्च तिरपा धरून भिंग बघा. दव असेल तर पुसायचं नाही. धुळीचे कण घासून ओरखडे पडतात. केस वाळवायच्या ड्रायरची कोमट हवा लांबून द्या. पुढच्या वेळी काळ्या जाड कागदाची, भिंगाच्या व्यासाच्या दीडपट लांब नळी तोंडावर गुंडाळा. आत नेताना झाकण बाहेरच लावा, घरात तासाभराने काढून भिंग वाळू द्या आणि मगच पेटीत ठेवा.